सिहोऱ्याची वाट

मराठी माणूस जबलपूरला जातो तो बहुधा भेडाघाट पाहण्यासाठी. चांदण्या रात्री होडीत बसून संगमरवरी कड्यांमधून हिंडावे, धुवाँधारचे तुषार अंगावर घ्यावेत, चौसष्ट योगिनींच्या मंदिराच्या पायऱ्या चढून जावे आणि परतीची गाडी गाठावी, असा त्याचा क्रम ठरलेला असतो. अधिक हौशी असला तर मदनमहालाचा वाडा पाहतो आणि राणी दुर्गावतीचे स्मरण करतो. परंतु जबलपूरच्या उत्तरेस सुमारे चाळीस किलोमीटरांवर सिहोरा नावाचे एक लहानसे गाव आहे, हे त्याच्या गावीही नसते. प्रयागकडे जाणारी आगगाडी त्या गावावरून जाते. स्टेशनच्या पाटीवर ‘सिहोरा रोड’ अशी अक्षरे आहेत. म्हणजे स्टेशनसुद्धा मूळ गावाला थोडे बाजूला ठेवूनच उभे राहिले आहे. जबलपूरहून निघालेला प्रवासी या सुमारास फराळाचा डबा उघडतो, आणि तो झाकण्यापूर्वी सिहोरा मागे पडलेले असते.

श्रोतेहो, आज मी आपणांस या गावी उतरण्याची विनंती करणार आहे. सिहोऱ्याच्या बाजारपेठेत डोळे दिपावेत असे काही नाही. गव्हाच्या गाड्या, लोहखनिजाचे मालट्रक, तहसिलीची कचेरी, जवळून वाहणारी हिरन नदी आणि क्षितिजावर निळसर दिसणारी डोंगरांची ओळ, एवढेच त्याचे वैभव. पण या गावापासून पंचवीस-तीस किलोमीटरांच्या आत रूपनाथ, तिगवाँ, बहोरीबंद आणि मझौली अशी चार ठिकाणे आहेत. यांपैकी पहिली तीन पूर्वी सिहोरा तहसिलीतच मोडत. १९९८ साली कटनी हा स्वतंत्र जिल्हा झाला, तेव्हापासून ती त्या जिल्ह्यात आहेत. जिल्ह्यांच्या सीमा बदलल्या तरी वाट बदलली नाही. आणि आजची हकीकत मुख्यतः या वाटेचीच आहे.

प्रथम या भूमीची ठेवण लक्षात घेतली पाहिजे. हिरन नदी कुंडमकडच्या डोंगरात उगम पावते, सिहोऱ्याजवळून वळसा घेते आणि नैर्ऋत्येकडे वाहत जाऊन नर्मदेला मिळते. पश्चिमेस भांडेर डोंगराच्या रांगा आहेत. त्यांच्या अलीकडे कटंगीपासून कैमूरची रांग सुरू होते आणि ईशान्येकडे सरकत सरकत थेट बिहारात, शोण नदीपर्यंत जाते. या डोंगरांच्या पायथ्याशी काळ्या जमिनीची सखल पट्टी आहे. तिला तिकडे ‘हवेली’ म्हणतात. तेथला शेतकरी शेताला चहूबाजूंनी बांध घालतो, पावसाळाभर त्यात पाणी कोंडून ठेवतो, आणि आश्विनाच्या सुमारास ते सोडून देऊन ओल्या जमिनीत गहू-हरभरा पेरतो. वेगळे पाणी न देता पीक यावे, अशी ही जुनी युक्ती आहे. बहोरीबंद या गावाचे नावही तेथल्या अनेक बांधांवरूनच पडले असे सांगतात.

याच पट्टीच्या उत्तर टोकाला, स्लीमनाबादच्या आसपास, पाण्याची वाटणी होते. अलीकडे पडलेला पाऊस हिरनमधून नर्मदेला आणि नर्मदेतून पश्चिम समुद्राला जातो. पलीकडे पडलेला शोणमधून गंगेला आणि गंगेतून पूर्व समुद्राला. एवढी मोठी वाटणी करणारा उंचवटा मात्र इतका सौम्य आहे की बैलगाडीलाही तो जाणवू नये. अलीकडच्या काळात नर्मदेचे पाणी पलीकडच्या खोऱ्यात नेण्यासाठी स्लीमनाबादजवळ सुमारे बारा किलोमीटर लांबीचा बोगदा खोदण्याचे काम हाती घेण्यात आले. पाण्याला ओलांडण्यास जो उंचवटा इतका अवघड, तो माणसाने मात्र फार पूर्वीपासून सहज ओलांडला आहे. गंगेच्या खोऱ्यातून नर्मदेकडे आणि पुढे दक्षिणेकडे येणाऱ्याला ही नैसर्गिक वाट होती. कौशांबी, भरहुत, मग हा सिहोऱ्याचा टापू आणि त्यापुढे त्रिपुरी, असा तिचा क्रम. एकोणिसाव्या शतकात मिर्झापूरहून जबलपूरमार्गे नागपूरकडे जो दख्खनचा रस्ता बांधला गेला तो याच वाटेने, आणि पुढे लोहमार्गही येथूनच गेला.

या वाटेवरचे सर्वांत जुने बोलके स्थळ म्हणजे रूपनाथ. कैमूरच्या कड्यावरून एक ओढा तीन लहान उड्या घेत खाली उतरतो. प्रत्येक उडीच्या पायथ्याशी एक कुंड आहे. वरचे रामाचे, मधले लक्ष्मणाचे आणि खालचे सीतेचे, असे लोक मानतात. खडकाच्या एका अरुंद कपारीत शिवलिंग आहे, तोच रूपनाथ. उन्हाळ्यात सारे रान करपलेले असता येथे कड्याच्या सावलीत पाणी साठलेले दिसते. वाटसरूने थांबावे, घोड्याला पाणी पाजावे, देवाला हात जोडावे, अशी ही जागा. पाटलीपुत्राच्या सम्राटाला हे कोणी सांगितले हे कळण्यास मार्ग नाही, परंतु त्याच्या अधिकाऱ्यांनी ही जागा अचूक हेरली. कुंडाजवळच्या एका सुट्या खडकावर त्यांनी ब्राह्मी लिपीत सहा ओळी कोरविल्या. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकाच्या मध्याची ही गोष्ट. अशोकाच्या सर्वांत आरंभीच्या लेखांत या लेखाची गणना होते.

आपल्याकडे नालासोपाऱ्यास अशोकाच्या चौदा आज्ञांपैकी दोन आज्ञांचे तुकडे सापडले आहेत. त्या लेखांत राज्यकर्त्या अशोकाचा आवाज ऐकू येतो. रूपनाथचा लेख निराळा आहे. यात राजा स्वतःविषयी बोलतो, आणि तेही काहीसे ओशाळून. आपण अडीच वर्षांहून अधिक काळ उपासक होतो, पण त्या काळात फारसे झटलो नाही, अशी कबुली तो प्रारंभीच देतो. वर्षाहून थोडा अधिक काळ झाला, संघाच्या सहवासात आलो, आणि तेव्हापासून मात्र मनापासून झटतो आहे, असे तो पुढे म्हणतो. जंबुद्वीपात देव आणि माणसे यांची जी फारकत होती ती आता उरली नाही, असेही त्यात एक विधान आहे. त्याच्या अर्थाविषयी विद्वानांचे एकमत नाही. पण त्यानंतर येणाऱ्या मजकुराविषयी कोणाचा मतभेद नाही. हे फळ केवळ थोरामोठ्यांनाच मिळते असे नव्हे, लहान मनुष्यही झटला तर मोठा स्वर्ग मिळवू शकतो. म्हणून लहानांनी आणि थोरांनी दोघांनीही झटावे, सीमेपलीकडच्या लोकांनाही हे कळावे, आणि हा उद्योग चिरकाल टिकावा, अशी राजाची इच्छा आहे. हा मजकूर खडकांवर कोरावा, आणि जेथे दगडी स्तंभ असतील तेथे स्तंभांवरही कोरावा, अशी आज्ञा शेवटी आहे.

अखेरीस एक आकडा येतो: २५६. हा लेख ज्यांनी प्रथम नीट वाचून अर्थ लावला त्यांपैकी ब्यूलर या जर्मन पंडिताला ती बुद्धाच्या निर्वाणापासूनची वर्षे वाटली. पुढे बहुतेक अभ्यासकांनी निराळा अर्थ स्वीकारला. राजा प्रवासात असताना, घराबाहेर दोनशे छप्पन्न रात्री काढल्यावर, ही घोषणा निघाली, असा तो अर्थ आहे. तसे असेल तर हे वाटेवर असलेल्या माणसाचे बोलणे आहे आणि ते वाटेवरच्या माणसांसाठी कोरलेले आहे. हाच मजकूर थोड्याफार फरकाने राजस्थानात बैराट येथे, दक्षिणेत मस्की येथे आणि इतरही कित्येक ठिकाणी मिळाला आहे. बिहारातील सहसराम येथेही तो आहे. आणि गंमत अशी की सहसराम कैमूर डोंगराच्या पूर्व टोकाजवळ आहे, तर रूपनाथ पश्चिम टोकाजवळ. एका डोंगराच्या दोन्ही टोकांना तोच संदेश आहे.

या लेखातील एका शब्दाकडे मराठी श्रोत्यांचे लक्ष मी मुद्दाम वेधणार आहे. झटणे, नेट धरणे या अर्थी रूपनाथच्या लेखात ‘पकम’ असा शब्द आहे. तो संस्कृतातील ‘प्रक्रम’ होय. इतर काही ठिकाणच्या प्रतींत त्या जागी ‘पलकम’ म्हणजे ‘पराक्रम’ असे रूप येते. पराक्रम म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तलवार आणि घोडा उभा राहतो. अशोकाने कलिंगाचे युद्ध जिंकले होते. तलवारीचा पराक्रम त्याला ठाऊक होता. त्यानंतर त्याने हाच शब्द घेतला आणि एका लहान माणसाच्या रोजच्या, न कंटाळता केलेल्या उद्योगाला तो लावला. लहान माणसासाठी त्याने योजलेला शब्द ‘खुदक’, म्हणजे क्षुद्रक. क्षुद्रकाचा पराक्रम ही कल्पना या देशात दगडावर कोरली गेली ती जेथे जेथे, त्यांत सिहोऱ्याजवळचे हे रान आहे.

आता त्या दगडाचे पुढे काय झाले ते पाहा. काही शतकांनी ब्राह्मी लिपी वाचणारे कोणी उरले नाही. रूपनाथची जत्रा मात्र भरत राहिली. भारतीय पुरातत्त्व खात्याचा पहिला प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम येथे आला तेव्हा त्याला खडकाचा मधला भाग झिजून गुळगुळीत झालेला दिसला. शेकडो वर्षे जत्रेला येणारे लोक त्यावर बसत आले म्हणून तो असा झिजला, असे त्याने लिहून ठेवले आहे. अशोकाच्या लेखांचा जो ग्रंथ त्याने १८७७ साली प्रसिद्ध केला त्यात रूपनाथचा लेख आला आणि तेव्हापासून तो जगाला माहीत झाला. सम्राटाच्या शब्दांवर माणसे पिढ्यानपिढ्या टेकली, शिदोऱ्या सोडल्या, मुलांना पाणी पाजले. यात कोणाचा अपराध आहे असे मला वाटत नाही. ज्या लहान माणसांसाठी तो लेख होता, तीच त्यावर बसली. पण अज्ञानानेही अक्षर झिजते, एवढे मात्र त्या खडकाने सिद्ध केले आहे.

रूपनाथपासून बहोरीबंद पाच-सहा किलोमीटर, आणि बहोरीबंदच्या उत्तरेस तीन-चार किलोमीटरांवर तिगवाँ. येथे कंकाली देवीचे मंदिर आहे. मंदिर म्हटल्यावर आपण शिखर शोधू लागतो. येथे शिखर नाही. एक चौकोनी गाभारा, त्यापुढे चार खांबांची पडवी, आणि वर दगडी फरशांचे सपाट छत, एवढाच मूळचा पसारा. इसवी सनाच्या पाचव्या शतकातील, गुप्त राजांच्या काळातील हे बांधकाम मानले जाते. त्यापूर्वी देवाला दगडाचे घर द्यायचे तर डोंगर पोखरीत. आपल्या सह्याद्रीत तेच झाले. येथे मात्र दगडावर दगड रचून, मोकळ्या भूमीवर, देवासाठी घर उभारण्याची कला नुकतीच पावले टाकू लागलेली दिसते. साँचीच्या स्तूपाजवळचे सपाट छताचे लहान मंदिर ज्यांनी पाहिले असेल, त्यांना हे त्याचेच भावंड वाटेल. खजुराहोचे आणि भुवनेश्वरचे गगनाला भिडणारे प्रासाद ज्या कुळात जन्मले, त्या कुळाचे बालपण पाहावयाचे असेल तर येथे यावे.

खांबांची घडण पाहण्यासारखी आहे. वर पानाफुलांनी ओसंडणारा पूर्णघट आणि त्यावर पाठीला पाठ लावून बसलेले सिंह. दाराच्या चौकटीच्या वरच्या दोन कोपऱ्यांत मकरावर उभी गंगा आणि कासवावर उभी यमुना. दोघींचेही हात झाडाच्या फांद्यांत गुंतलेले. पुढच्या काळात या दोन नद्या दाराच्या तळाशी उतरल्या आणि द्वारपालिनी झाल्या. येथे त्या अजून वरच आहेत. नर्मदेच्या खोऱ्यातील मंदिराच्या दारावर गंगा आणि यमुना असाव्यात, यातही त्या वाटेची खूण आहे. मूर्तिकार ज्या दिशेने आले, तिकडच्या नद्या त्यांनी बरोबर आणल्या. गाभाऱ्यात नृसिंहाची मूर्ती आहे. देवीचे नाव मंदिराला मिळाले ते पडवीतील कंकाली देवीच्या शिल्पावरून. म्हणजे गाभाऱ्यातला देव एक आणि लोकांनी जिच्या नावाने हाक मारली ती देवी दुसरी. आपल्या देशात हे नवल नाही.

तिगवाँहून परत बहोरीबंदला यावे. येथे जैनांचे सोळावे तीर्थंकर शांतिनाथ यांची उभी मूर्ती आहे. उंची बारा फुटांहून थोडी अधिक. आज तेथे जैनांचे तीर्थक्षेत्र आहे आणि मूर्तीवर मंदिराचे छत्र आहे. कनिंगहॅमच्या काळी ती उघड्यावर, एका पिंपळाखाली उभी होती. मूर्तीच्या खालच्या बाजूस लेख आहे. त्रिपुरीचा कलचुरी राजा गयाकर्ण याच्या कारकिर्दीत, म्हणजे बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात, महाभोज नावाच्या एका श्रावकाने शांतिनाथाचे मंदिर बांधविले, असे तो सांगतो. त्या वेळी या प्रदेशावर गोल्हणदेव नावाचा महासामंत होता आणि तो राष्ट्रकूट कुळातला होता, हेही त्यात आहे. हे कलचुरी राजे शैव. गयाकर्णाच्या राणीने, अल्हणदेवीने, पुढे भेडाघाटला शिवमंदिर बांधले. त्याच राजाच्या अमलाखाली एका गृहस्थाने आपल्या पैशाने एवढी थोरली जैन मूर्ती उभी करावी, यावरून त्या राज्याचा स्वभाव कळतो. मझौलीला वराहाची मूर्ती आहे तीही याच कलचुरी काळातली, अकराव्या शतकाच्या सुमाराची. तेथे वराहाचे मुख आणि देह दोन्ही पशूचेच आहेत, आणि त्या विशाल देहावर रांगांमागून रांगा लहान लहान देवतांच्या कोरलेल्या आहेत. मंदिर मागाहून पुन्हा बांधलेले आहे. मूर्ती मात्र जुनी.

या कलचुरींशी आपले नाते जुने आहे. त्रिपुरीला येण्याच्या कितीतरी आधी, सहाव्या शतकात, याच नावाचे राजे माहिष्मतीला राज्य करीत होते आणि नाशिकचा प्रदेश व कोकण त्यांच्या सत्तेखाली होते. त्यांच्यातील कृष्णराजाची चांदीची लहान नाणी नाशिक जिल्ह्यात आणि मुंबईच्या परिसरात सापडली आहेत. नंतर राष्ट्रकूट आणि कलचुरी यांच्यात अनेक सोयरिकी झाल्या, आणि सोयऱ्यांत व्हावीत तशी भांडणेही झाली. दहाव्या शतकात राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण दक्षिणेकडून या बाजूला आला. याच वाटेने पुढे गेले म्हणजे मैहर लागते. त्याजवळच्या जुरा गावी त्याची प्रशस्ती कोरलेली आहे, आणि ती कन्नड भाषेत आहे. बुंदेलखंडाच्या सीमेवर कन्नड लेख! असा विचार केला की बहोरीबंदच्या लेखातील राष्ट्रकूट सामंताचे नाव तितकेसे अनोळखी राहत नाही.

हे सारे धागे जुळवून देणारे विद्वान मराठीच होते. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांचा जन्म कोकणातला आणि आयुष्य गेले नागपुरात. कलचुरी राजांचे आणि कलचुरी संवताचे लेख त्यांनी शोधले, तपासले, त्यांचे पाठ शुद्ध केले, आणि १९५५ साली ते दोन जाड भागांत प्रसिद्ध झाले. त्या काळी जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती. १९५६ साली प्रांतरचना झाली आणि वाटा निराळ्या झाल्या. मिराशींच्या आधी कटनीचे रायबहादुर हिरालाल यांनी या प्रांतातल्या शिलालेखांची यादी केली होती. एक हिंदी भाषेचा, दुसरा मराठीचा. दोघांनीही बैलगाडीच्या वाटेवरचे दगड वाचले. ‘पकम’ म्हणतात तो हाच, असे मला वाटते.

मराठ्यांची सत्ताही या वाटेने आली. १७८१ साली सागरच्या मराठी सुभेदारांनी गढा-मंडल्याचे गोंड राज्य घेतले. पुढे हा मुलूख पेशव्यांकडून नागपूरकर भोसल्यांकडे गेला. १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांची पलटण उत्तरेकडून जबलपूरवर चालून आली आणि भोसल्यांच्या फौजेचा पराभव झाला. मध्यंतरीची छत्तीस वर्षे मोहिमांची आणि खंडण्यांची, धामधुमीची होती. यानंतर स्लीमन आला. वाटसरूंचे गळे आवळणाऱ्या ठगांचा बंदोबस्त करण्यात त्याने नाव मिळविले, आणि स्लीमनाबाद हे गाव त्याच्या नावाने वसले. वाट निर्धोक झाली, आणि मग रूळ आले. १८६७ साली अलाहाबादहून जबलपूरपर्यंत लोहमार्ग सुरू झाला. १८७० साली मुंबईकडचा लोहमार्ग जबलपूरला येऊन मिळाला आणि मुंबई व कलकत्ता ही दोन शहरे जोडली गेली.

आतापर्यंत मी वाटेचे उपकार सांगितले. आता दुसरी बाजू सांगणे प्राप्त आहे.

तिगवाँला आज एकच मंदिर उभे आहे. कनिंगहॅम तेथे गेला तेव्हा त्याला एका टेकाडावर लहानमोठ्या छत्तीस मंदिरांचे पाये मोजता आले. बाकीची कोठे गेली? सैन्याने पाडली नव्हती, भूकंपाने पडली नव्हती. गावकऱ्यांनी एकमुखाने त्याला सांगितले की रेल्वेच्या एका ठेकेदाराने मंदिरांचे घडीव दगड, नेण्यासाठी म्हणून, उपसून ढीग करून ठेवले. दीड हजार वर्षे ज्या वाटेच्या आश्रयाने ही मंदिरे उभी होती, त्या वाटेच्याच कामासाठी ती मोडली. उत्तरेस भरहुतच्या स्तूपाचे दगड भोवतालच्या खेड्यांनी घरांच्या भिंतींना लावले होते, तेही कनिंगहॅमने त्याच सुमारास पाहिले. तेथे निदान गरजवंत माणसाने आपल्या झोपडीसाठी हात घातला होता.

दुसरी हानी दगडांची नव्हे, हातांची आहे. सिहोऱ्याच्या आसपासच्या टेकड्यांत लोहखनिज विपुल आहे. अगरिया जमातीची माणसे मातीच्या लहान भट्ट्या उभारीत, कोळसा आणि खनिजाचे दगड थरांवर थर घालीत, पायांनी भाते चालवीत आणि कुऱ्हाडींना व फाळांना लागणारे लोखंड गाळीत. सिहोऱ्याजवळ अगरिया नावाचे गावच आहे. रेल्वेने विलायती लोखंड स्वस्तात दारापर्यंत आणले आणि या भट्ट्या एकेक करून विझल्या. व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली या जमातीवर एक मोठा ग्रंथ लिहिला. तो वाचताना एका मावळत्या विद्येची वंशावळ वाचल्यासारखे वाटते. त्या टेकड्यांतले खनिज आजही निघते. फरक एवढाच की आता ते यंत्राने खणतात आणि दूरच्या कारखान्यांकडे पाठवितात.

मी रेल्वेला किंवा नव्या रस्त्याला दोष देण्यासाठी हे सांगत नाही. रेल्वे नसती तर कनिंगहॅमही इतक्या सहज येथे पोहोचला नसता, आणि आज आपणही पोहोचणार नाही. सांगावयाचे इतकेच की वाट आपल्या परीने दयाळूही नसते आणि दुष्टही नसते. ती माणसे आणते. त्यांतला एकजण खडकावर अक्षरे कोरतो, दुसरा त्यावर बसतो. एकजण छत्तीस मंदिरे बांधतो, दुसरा ती गाड्यांत भरण्यासाठी मोजतो, तिसरा त्यांचे पाये मोजून नोंद करतो. आपण यांपैकी कोण व्हावे हे वाट ठरवीत नाही. मोठ्या राजधानीतल्या वास्तूंना पहारेकरी असतात, त्यांच्या नावाने पुस्तके निघतात. रूपनाथ आणि तिगवाँ ही पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहेत हे खरे. पण एखाद्या डोंगराच्या कुशीतल्या खडकाचे शेवटी रक्षण करतो तो शेजारच्या गावचा माणूस, तेथल्या शाळेचा मास्तर, आणि चार तासांसाठी आलेला प्रवासी. सम्राटाने ज्याला ‘खुदक’ म्हटले तो हाच.

म्हणून जबलपूरला जाल तेव्हा एक दिवस अधिक हाती ठेवा. पावसाळा संपून आश्विन-कार्तिक लागला की निघावे. हवेलीतल्या बांधांमधून कोंडलेले पाणी सुटत असते आणि ओल्या मातीचा वास सुटलेला असतो. सकाळी सिहोऱ्याहून निघून प्रथम रूपनाथ पाहावे, कुंडाच्या काठी शिदोरी सोडावी. मग बहोरीबंदला शांतिनाथांचे दर्शन घेऊन, उन्हे कलताना तिगवाँला जावे. त्या वेळी पडवीच्या खांबांवरचे सिंह फार सुंदर दिसतात. रूपनाथला पोहोचाल तेव्हा चालून दमलेले असाल, आणि तो लेखाचा खडक टेकण्यास अगदी सोयीचा वाटेल. त्यावर मात्र बसू नये. शेजारी उभे राहून, जी अक्षरे उरली आहेत ती पाहावीत.